सहावा आकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे दशांशबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या सरांनी. ती त्यांच्याकडे संशोधनाला आली तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "सर, तुम्ही इथेच का थांबलात? अजून एखादं दशांश स्थळ काढता आलं असतं की." बाकीच्या विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. आता हिची काही धडगत नाही, असंच प्रत्येकाला वाटलं. सर मात्र खो खो हसत सुटले. "या दशांशबाईंना खुर्ची द्या रे," ते म्हणाले. "या इथून लवकर हलायच्या नाहीत."

आणि खरंच ती हलली नाही. लग्न केलं नाही, दुसरीकडून बोलावणी आली ती परत पाठवली, केस पांढरे व्हायला लागले तरी तिथेच.

सरांचं आयुष्यभराचं काम एका आकड्यात मावत होतं. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनपेक्षा किती पटींनी जड, एवढाच प्रश्न. ढोबळ उत्तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, अठराशे छत्तीस पट. पण खरं उत्तर तिथे थांबत नाही. दशांशचिन्हाच्या पुढे ते शेपटासारखं लांबत जातं, आणि त्या शेपटातला एकेक आकडा हाती लागेपर्यंत माणसाची उमेद संपते. हे कण काही तराजूत घालता येत नाहीत. त्यांना मोठ्या चुंबकाच्या पोटात, बोटभर लांबीच्या विजेच्या सापळ्यात कोंडावं लागतं. तिथे ते गोल गोल फिरू लागतात. हलका असतो तो भिरभिरतो, जड असतो तो सावकाश फिरतो. आधी एकाच्या फेऱ्या मोजायच्या, मग दुसऱ्याच्या, आणि भागाकार करायचा. "आपण कुणाचं वजन करत नाही," सर नव्या पोरांना सांगायचे. "दोघांना एकाच मैदानात पळवतो आणि कडेला उभं राहून मोजतो. मैदान तेवढं मध्येच हलू द्यायचं नाही."

मैदान हलू न देणं हेच सगळं काम होतं. चुंबकाच्या खोलीत जाताना किल्ल्या, नाणी, केसांतल्या पिना दाराशी एका थाळीत काढून ठेवायच्या. मोजणी चालू असली की इमारतीची लिफ्ट बंद. वरच्या मजल्यावरचे लोक शिव्या घालत जिने चढायचे. अशा सगळ्या उस्तवारीतून सरांनी उमेदीच्या वयात सहाव्या दशांश स्थळापर्यंत मजल मारली होती. तेव्हा ती मोठी गोष्ट होती. संस्थेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर त्यांचा आकडा अजून छापला जात होता.

सर निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळा तिच्याकडे आली. नवा चुंबक, नवा सापळा, नवी पंपाची व्यवस्था, हे सगळं उभं करण्यात दहा वर्षं गेली. आणि त्या उन्हाळ्यात एकदाचा तिचा आकडा आला. पाचव्या स्थळापर्यंत तो सरांच्या आकड्याच्या खांद्याला खांदा लावून चालला. सहाव्या स्थळाला त्याने वाट सोडली.

तिने आधी स्वतःवरच संशय घेतला. पुन्हा मोजलं. दोघांचा क्रम उलटा करून मोजलं. चुंबक थंड ठेवणाऱ्या हेलियमची पातळी बदलून मोजलं. ते हेलियम सांभाळणारा जुना तंत्रज्ञ सरांच्या वेळेपासूनचा होता. त्याला सगळे थंडोबा म्हणत, एक तर कामामुळे आणि दुसरं म्हणजे आग लागली तरी हा आधी चहा संपवेल म्हणून. तो तीन आठवडे काही बोलला नाही. मग एका दुपारी तिच्यामागे उभं राहून पडद्याकडे बघत म्हणाला, "बाई, किती वेळा विचारणार त्याला? तो बापडा एकच उत्तर देतोय."

"सरांचा आकडा चुकलाय, थंडोबा."

"दिसतंय की मला."

"थोडाथोडका नाही. त्यांनी चूक जास्तीत जास्त जेवढी असेल म्हटलं होतं, तिच्या चौपट."

"मग जाऊन सांगा त्यांना. ऐकतील. शिव्या घालतील आधी, मग ऐकतील."

दर गुरुवारी संध्याकाळी ती सरांकडे जायचीच. पुलापलीकडे तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, मागे हातरुमालाएवढी बाग. सरांचं हृदय थकलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी, कोपऱ्यात घुरघुरणारं यंत्र, आणि ती लांबलचक नळी सगळ्या घरभर. काकू ती ओलांडत कामं करायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "जन्मभर घरात पाऊल टिकलं नाही यांचं. आता बांधलेत दावणीला." सरही काही कमी नव्हते. काकू एकदा म्हणाल्या होत्या, "यांच्या त्या शास्त्रात मी कोण ते कळलंय मला. मी इलेक्ट्रॉन. वजन काही नाही आणि घिरट्या दिवसभर." त्यावर सर म्हणाले होते, "वजन कमी गं, पण विद्युतभार अगदी माझ्याएवढाच. तिथे मला सूट नाही." काकूंना त्यातलं शास्त्र कळलं नसेल, पण त्या दिवसभर खुशीत होत्या.

त्या गुरुवारी ती सांगायचं ठरवूनच गेली. दारातच काकूंनी तिला स्वयंपाकघरात ओढलं. सकाळी डॉक्टर येऊन गेले होते.

"पायांवर सूज आलीय पुन्हा," काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, मनाला लागेल असं काही होऊ देऊ नका. आता तूच सांग, या घरात त्यांच्या मनाला लागण्यासारखं आहे काय दुसरं? तो तुझा आकडा सोडून?"

तिने खांद्यावरची पिशवी उतरवून ओट्याशी टेकवली.

"काय गं? तोंड का पडलंय तुझं?"

"काकू, तो जुळत नाहीये."

काकूंनी शेगडी बारीक केली. 

"मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण एवढं कळतं, की या माणसाला मूलबाळ नाही, इस्टेट नाही. आहे तो एक आकडा आणि एक तू. थोडे दिवस थांब गं. मी काही खोटं बोल म्हणत नाही. फक्त थांब."

"थांबते," ती म्हणाली. आणि म्हणताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला त्याच क्षणी लाज वाटली, पण तो होता एवढं खरं.

आत गेली तर सर उशीला टेकून बसले होते. "काय दशांश, काय म्हणतोय आकडा?"

"अजून तपासण्या चालल्यात, सर."

"चालू दे, चालू दे. घाई करू नकोस."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. सर मात्र दर वेळी जास्त खोदून विचारू लागले. क्रम बदलून बघितलास का? मधल्या वेळात हवेचा दाब बदलतो, तो धरलास का? एकदा ती उठायच्या बेतात असताना ते म्हणाले, "तपासण्या, तपासण्या! एवढ्या वेळात तान्हं पोरसुद्धा बसायला लागतं. सरळ सांग. माझ्याशी जुळतोय की नाही?"

काकू औषधाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला चमचा वाटीवर किणकिणला.

"जुळतोय, सर," ती म्हणाली.

"सहाव्या स्थळापर्यंत?"

"हो."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की तिला बघवेना. एखाद्या पोराला नापास होणार म्हणून खात्री असावी आणि कुणी येऊन पास झालास म्हणून सांगावं, तसं. "खरंच?" ते म्हणाले. "म्हणजे मी उगाच..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी काकूंना हाक मारली. "ऐकलंस का? जुळला!"

त्या दिवसापासून त्यांनी आकड्याबद्दल विचारणं बंद केलं. बागेत खुर्ची टाकून बसू लागले, पेपरातली कोडी सोडवू लागले. "बघ कसे निवांत झालेत," काकू तिला फाटकापर्यंत पोचवायला येऊन म्हणाल्या, आणि तिचा हात दाबला.

थंडोबाला मात्र हे पटलं नव्हतं. "तुम्ही त्यांना लहान मुलासारखं वागवताय," तो म्हणाला. "लेख तरी पाठवा बाहेर. आकडा तळघरात ठेवून काय त्याचं लोणचं घालणार?"

"ते आहेत तोवर नाही पाठवणार."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या जाण्याची वाट बघताय."

इतकं वाईट तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. ती चुंबकाच्या खोलीत निघून गेली, आणि आत गेल्यावर लक्षात आलं की किल्ल्या खिशातच राहिल्यात.

त्याच महिन्यात संस्थेचा भांडारवाला आला. तळघरात मागे पाणी शिरलं तेव्हा सरांच्या सगळ्या जुन्या नोंदी भिजून त्यांचा लगदा झाला होता. उरला होता तो त्यांचा जुना सापळा आणि त्याभोवतीचं तांब्याचं नळकांडं, गंजलेल्या मांडणीवर धूळ खात पडलेलं. नव्या पंपांची खोकी ठेवायला जागा हवी होती. "हे नेऊ का भंगारात?" त्याने विचारलं. तिने क्षणभर बघितलं. ते नळकांडं डोळ्यांसमोर नसलेलंच बरं, असं तिला वाटलं. "न्या," ती म्हणाली.

हिवाळा तोंडावर आला आणि समुद्रापलीकडच्या एका गटाने आपला आकडा जाहीर केला. तो तिच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता. बातमी कळली तेव्हा ती संस्थेच्या जिन्यात होती, आणि पहिला विचार मनात आला तो पहिलेपणा हुकल्याचा नव्हता. सरांना कोण सांगेल, हाच होता. पण सांगणारे आधीच सांगून मोकळे झाले होते. सरांच्या एका जुन्या सहकाऱ्याने मोठ्या सहानुभूतीने सकाळीच फोन केला होता. अशा कामात लोकांना फार उत्साह असतो.

दुपारी काकूंचा फोन आला. "तुला बोलावलंय," एवढंच त्या म्हणाल्या.

सर आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. ती आत आल्यावर काकू चहा करायला वळल्या, तर म्हणाले, "तूही बस."

मग तिच्याकडे वळून, "तुझा आकडा काय आला होता?"

तिने सांगितला. एकेक अंक. सरांनी डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोट आपटत ऐकला. सहाव्या अंकाला बोट थांबलं.

"म्हणजे त्यांच्याशी जुळतो."

"हो, सर."

"कधी आला?"

"उन्हाळ्यात."

"आणि मला जुळतोय म्हणालीस ते?"

"त्याच्यानंतर."

कोपऱ्यातलं यंत्र घुरघुरत होतं. काकू एकदम म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तिला. तुम्हाला त्रास नको म्हणून. काय बोलायचं ते मला बोला."

"तुला काय बोलू?" सर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मला जगवणं हे तुझं काम. ते तू केलंस. हिचं काम निराळं होतं."

"सर, मला वाटलं..."

"काय वाटलं? छाती फुटून मरेन? अगं, तो आकडा चुकलाय असा मला कित्येक वर्षं संशय आहे."

ती खुर्चीत पुढे सरकली.

"कधी बोलला नाहीत."

"संशयाला काय बोलायचं? संशय म्हणजे काही पुरावा नव्हे. पुरावा तू आणणार होतीस. दर गुरुवारी मी विचारायचो ते काय तोंडदेखलं?" त्यांना दम लागला. नळी सारखी करून ते थांबले, आणि पुन्हा बोलले तेव्हा हळू बोलले. "उन्हाळ्यात माझं डोकं चालत होतं. पडल्या पडल्या ती सगळी खोली मी पुन्हा उभी करत होतो. चुंबक कुठे होता, तारा कुठून गेल्या होत्या, कुठलं काम सकाळी, कुठलं दुपारी. कुठे पाय घसरला ते शोधत होतो. तू आकडा आणलास की दोघं मिळून बसू, असं ठरवलं होतं. तू म्हणालीस जुळतोय. मी शोधायचं सोडून दिलं. वेड्यासारखा कोडी सोडवत बसलो."

"आपण आता शोधू, सर."

"आता आठवत नाही गं," सर म्हणाले. "नुसती नावंसुद्धा आठवत नाहीत."

काकू तोंडाला पदर लावून उठून गेल्या. ती बसून राहिली. रडणं येत होतं, पण सरांसमोर रडायची तिला सवय नव्हती, आणि त्यांना तिचं रडणं बघायची. थोड्या वेळाने सरच म्हणाले, "उद्या ये. सकाळी ये, सकाळी जरा बरं असतं."

ती रोज सकाळी जाऊ लागली. अर्धा-पाऊण तास सर बोलायचे, मग थकून डोळे मिटायचे. खोलीचा नकाशा तिने कागदावर काढला, त्यांनी तो दोनदा बदलायला लावला. कधी ते निवृत्तीनंतर बांधलेली इमारत आणि जुनी इमारत यांची गल्लत करायचे, कधी तिला भलत्याच विद्यार्थ्याच्या नावाने हाक मारायचे. पण एका सकाळी ती आली तर ते वाटच बघत होते. "शटर!" ते म्हणाले. "समोर कार्यशाळा होती. तिचं लोखंडी शटर. सकाळी बंद असायचं, जेवणानंतर वर करायचे. प्रोटॉन आम्ही सकाळी मोजायचो, इलेक्ट्रॉन दुपारी. मैदान हललं असणार. बघ मांडून."

तिने घरी जाऊन मांडलं. शटरचं वजन, अंतर, चुंबकावर होणारा परिणाम. एवढं लोखंड हललं तर आकडा हलणार यात शंकाच नव्हती. पण तो हलत होता उलट्या बाजूला. शटर धरलं तर सरांचा आकडा खऱ्या आकड्यापासून आणखीच दूर जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी क्षणभर उभी राहिली. आतून काकूंच्या चपलांचा आवाज येत होता. मग आत जाऊन, बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं.

"शटर नाही, सर. ते उलट्या दिशेला जातं."

"उलट्या?"

"हो. शटर धरलं तर तुमची चूक वाढते."

सर हसू लागले. हसता हसता ठसका लागला, काकू धावत आल्या, पाठ चोळली, पाणी दिलं. डोळ्यांतलं पाणी पुसत सर काकूंना म्हणाले, "बघितलंस? आता कशी तोंडावर सांगते! वाढते म्हणे माझी चूक!" बऱ्याच दिवसांनी ते तिला दशांश म्हणाले. "चल, दशांश. शटर खोडून टाक. दुसरं शोधू."

ती सकाळ चांगली गेली. तिला पुढे आठवायची ती हीच सकाळ.

दुसरं शोधायला वेळ मिळाला नाही. त्याच आठवड्यात श्वास एकदम वाढला आणि सरांना रुग्णालयात हलवावं लागलं. हिरव्या पडद्यांची लांब खोली, पलंगाच्या उशाशी आकडे दाखवणारा पडदा. काकू स्टुलावर बसून असायच्या. ती कामावरून थेट तिथे जायची. सरांच्या तोंडावर मुखवटा होता, बोलणं तुटक झालं होतं. बोलू नका, म्हणून परिचारिका दटावून जायची, आणि ती वळली की सर मुखवटा बाजूला करायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला खूण करून जवळ बोलावलं.

"जागा," ते म्हणाले.

"कसली जागा, सर?"

"सापळ्यात. दोघांची... बसायची जागा." श्वास घेतला. "एकाचा भार धन. दुसऱ्याचा ऋण."

तिला कळलं. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे भार उलट. त्यामुळे एक काढून दुसरा कोंडताना सापळ्याची वीजही उलटी करावी लागते. आता, सापळा घडवताना त्यात केसभर जरी वाकडेपणा राहिला असेल, तर वीज उलटी केल्यावर दुसरा कण पहिल्याच्या जागी बसत नाही, किंचित बाजूला बसतो. आणि चुंबकाचं बळ सगळीकडे अगदी सारखं कधीच नसतं. म्हणजे मैदान हललंच नव्हतं. दोघं पळत होते तेच मैदानाच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांत. तिच्या नव्या सापळ्यात या दोषावर उपाय केलेला होता, आज सगळेच करतात. सरांच्या काळात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"असू शकतं, सर," ती म्हणाली. "अगदी असू शकतं. दिशासुद्धा बरोबर येऊ शकते. किती वाकडा होता त्यावर आहे."

सरांचे डोळे चमकले. "मोज," ते म्हणाले. "सूक्ष्मदर्शकाखाली घाल. आहे ना तो? तळघरात?"

काकूंनी मान वर केली. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली.

आहे, असं म्हणणं किती सोपं होतं. उद्या मोजते, सर. तुमचंच बरोबर निघालं, सर. एक-दोन दिवसांचा तर प्रश्न होता. ती सरांच्या हातावर हात ठेवून उभी राहिली, आणि सर तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही, सर," ती म्हणाली. "भंगारात गेला. मीच न्या म्हणून सांगितलं."

"कधी?"

"दोन-अडीच महिने झाले."

सरांनी डोळे मिटले. हिशेब करत असावेत. तिचा हात त्यांनी झटकला नाही, धरलाही नाही. मग म्हणाले, "बरं." आणि मुखवटा स्वतःच्या हाताने तोंडावर ओढून घेतला.

त्यानंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी झोपेतच होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

भंगारवाल्याकडे ती जाऊन आली. थंडोबाही सोबत होता. पत्र्याच्या कुंपणाआड लोखंडाचे ढीग, एका बाजूला वजनकाटा. मालक भला माणूस होता, त्याने आठवून आठवून सांगितलं. तांबं आलं की आठवड्याच्या आत भट्टीला जातं, ते कुणी ठेवत नाही. परत आल्यावर संस्थेच्या फाटकाशी गाडीतून उतरताना थंडोबा म्हणाला, "मी तेव्हा बोललो ते जरा जास्तच होतं, बाई."

"नाही," ती म्हणाली. "नेमकं होतं."

लेख तिने महिन्याभरात पाठवला. तपासणाऱ्यांनी साहजिकच विचारलं, पूर्वीच्या मापनाशी फरक का पडतो? सापळ्याच्या वाकडेपणाबद्दल तिने एक परिच्छेद लिहिला. हे कारण मूळ मापन करणाऱ्यांनीच सुचवलं होतं, असंही लिहिलं. तपासणाऱ्यांनी उलट विचारलं, याला आधार काय? आधार काही नव्हता. मग परिच्छेद काढावा लागला, आणि तिथे एक ओळ आली : फरकाचं कारण निश्चित करता आलेलं नाही. ती ओळ लिहायला तिला आख्खा दिवस लागला.

छापील प्रत घेऊन ती काकूंकडे गेली. काकूंनी तिला बसवलं, प्रत हातात घेऊन उगाच पानं उलटली, सरांचं नाव कुठे आहे ते विचारलं. तळाशी बारीक अक्षरात होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"सापडली का गं शेवटी? यांची चूक?"

"नाही, काकू. बहुतेक ते म्हणाले तीच असणार. पण आता कधीच कळणार नाही."

"मी तुला थांब म्हणाले नसते तर..."

"मला थांबायचंच होतं, काकू. तुम्ही म्हणालात हे माझ्या पथ्यावर पडलं."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण समजूत घालायलाही नाही. खिडकीतून बागेतली रिकामी खुर्ची दिसत होती. ती आत आणायचं दोघींपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "त्या दिवशी ते तुला 'बरं' म्हणाले. रागाने म्हणाले का गं? मला तिकडून तोंड दिसत नव्हतं त्यांचं."

तिने ते 'बरं' मनात पुन्हा ऐकून पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं तिला ठाऊक नव्हतं.

"मला नाही कळलं, काकू."

"मला तरी कुठे कळायचं," काकू म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं संसार केला. ते बरं म्हणायचे, आणि बरं आहे की नाही ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.